नव्या हाताची पहिली भाकरी

"एक्सपीरियन्स किती?" चाकणच्या ठेकेदाराच्या ऑफिसात टेबलामागच्या पोरानं विचारलं. नजर मोबाइलमध्येच होती.

मी म्हणालो, "भाकरी खायचा जन्मभराचा आहे. करायचा अजिबात नाही."

तो हसला नाही. मान वर करून त्यानं माझ्या पांढऱ्या मिशा बघितल्या, पायातल्या चपला बघितल्या आणि म्हणाला, "काका, कँटीनच्या हेल्परलासुद्धा अनुभव मागतेय कंपनी. मी काय करू?"

"भांडी घासायला अनुभव लागतोय?"

"मला नका विचारू. कंपनीला विचारा."

कंपनीला कुठं विचारणार? कंपनीला तोंड नसतं, नुसतं गेट असतं.

माझ्यामागं पोरापोरींची रांग होती. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल. आयटीआय केलेली, डिप्लोमा केलेली, काही नुसतीच बारावी. मी बाजूला झालो तशी एक मुलगी पुढं गेली आणि लगेच मागं आली. बोलण्यावरून लातूरकडची वाटली. बाहेर पायरीवर बसून बूट काढून टाच चोळत होती. मला म्हणाली, "बाबा, आमालाबी हेच म्हनायलेत. पहिला दिवस कुनी देईना, अन् दुसऱ्या दिवशी आलात तर मागल्याचा दाखला आना म्हनतेत. मागलं आनायचं कुठून?"

"दुसरीकडं बघ की."

"सगळीकडं हेच. महाळुंग्यापासून पायी बघत आले." मग तिनं मला विचारलं, "तुमाला कशाला काम पायजे ओ या वयात? पोरं बघत न्हाईत का?"

"बघतात. पण घरात बसवत नाही," मी म्हणालो.

तिला अर्धंच सांगितलं. इथं पुरतं सांगतो. चौथीच्या पुढं शाळा झाली नाही, त्यामुळं सरळ सांगायचीच सवय आहे.

माझी बायको मागच्या हिवाळ्यात गेली. फार आजारी नव्हती. पिंपरीच्या दवाखान्यातून घरी आणली, दोन घास पेज खाल्ली आणि निजली ती निजलीच. लोक म्हणाले, चांगलं मरण आलं. असेल. तिच्यासाठी चांगलं असेल.

मी उमेदीची सगळी वर्षं भोसरीत फोर्जिंगच्या शेडमध्ये घालवली. लाल लोखंडावर हातोडा पडायचा, जमीन हलायची. कानात कापूस कोंबायचो, तरी कान गेलेच. आता मला दाराची बेल ऐकू येत नाही, फोन वाजलेला कळत नाही, टीव्हीवर बाई बोलत असली तर नुसते ओठ हलताना दिसतात. बारीक आवाज सगळे गेले. जाड आवाज राहिले. समोर माणूस बोलला तर ओठ बघून जुळवतो. ट्रक जातो तो कळतो. आणि भाकरी थापलेली कळायची.

बायको सकाळी काठवटीत भाकरी थापायची, ते मला अंथरुणात कळायचं. कानानं की पाठीनं, सांगता येत नाही. फरशीतून यायचं. दोन जोरात, मग तळहात फिरवून भाकरी वळवायची, मग एक हलकी. परत दोन जोरात. ती थाप सुरू झाली की मी उठायचो. थाप थांबली की भाकरी तव्यावर गेली समजायचं. वरून पाण्याचा हात फिरवताना ती माझ्याकडं मान वळवून विचारायची, "अजून एक टाकू का?" ऐकू यायचं नाही, पण ओठांवरून कळायचं. मी नको म्हणायचो. ती टाकायची. मी खायचो. सगळा संसार त्या एका सवालावर चालला.

ती गेल्यावर पोरानं मला पिंपळे सौदागरला नेलं. पोरगा चांगला आहे, सून त्याच्याहून चांगली आहे. सोसायटी मोठी, लिफ्टला आरसा, खाली म्हाताऱ्यांना बसायला बाकडी. स्वयंपाकाला बाई येते, ती पोळ्या लाटते. पोळी लाटताना काही आवाज होत नाही. निदान मला तरी येत नाही. ताटात पोळी येते, ती कुठून आली काही कळत नाही. सून एकदा माझ्यासाठी म्हणून बाहेरून भाकरी घेऊन आली, कागदात गुंडाळलेली. खाल्ली. तिला चांगली आहे म्हणालो. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत बसलो.

नंतर एक दिवस पिशवी भरली आणि महाळुंग्याला आपल्या खोलीवर परत आलो. पोरगा चिडला. "तिथं कोण आहे आता, बाबा?" म्हणाला. मी म्हणालो, "कुणी नाही, म्हणूनच चाललोय." त्याला ते कळलं नाही. मलाही नीट कळलं नव्हतं.

खोलीत काठवट होती तशीच भिंतीला टेकवलेली. चूल म्हणजे गॅस. सगळं होतं. मी सकाळी अंथरुणात पडून राहायचो. उठायला काही होत नव्हतं. मग मनात आलं, की जिथं भाकरी थापतात तिथं जाऊन बसावं. पण नुसतं कोण बसू देणार? गिऱ्हाईक म्हणून गेलं तर जेवायचं आणि उठायचं. काम करणाऱ्याला बसता येतं. म्हणून काम पाहिजे होतं. भांडी घासायचं, कोथिंबीर निवडायचं, काहीही. थाप पडते त्या खोलीत असलं म्हणजे झालं.

आता कुणीही विचारेल, की तुमची बायको ज्या मेसमध्ये भाकऱ्या करत होती, ती गल्लीच्या तोंडाला आहे, तिथं का नाही गेलात? तिथं जायची छाती नव्हती. तिच्या पाटावर दुसरी कुणी बसलेली असणार. ते बघायचं नव्हतं. म्हणून सगळं गाव सोडून मी परक्या चुली हुंगत हिंडलो.

ठेकेदाराचं सांगितलं. त्यानंतर सिटी बसनं पिंपरीला गेलो, कॅम्पातल्या एका खानावळीत विचारलं. मालक गल्ल्यावर बसला होता. मी हात जोडून "काम आहे का" म्हणालो, तर त्यानं आत ओरडून सांगितलं, "काकांना एक चहा द्या." त्याला वाटलं मी मागायला आलोय. चहा घेतला. फुकटचा चहा नाकारला तर त्याचा अपमान, आणि घेतला तर माझा. माझा झाला.

मग मोशीच्या बाजूला एका मंगल कार्यालयात गेलो. मागच्या अंगाला बायका रांगेनं बसून भाकऱ्या करत होत्या. एवढ्या थापा एकदम, की मला पायातून सगळं अंग भरून आल्यासारखं झालं. पण सगळ्या एकमेकींत मिसळत होत्या. त्यातली एक अशी वेगळी धरता येईना. केटररचा माणूस आला. "काय पाहिजे?"

"काम."

"भाकरीला पुरुष नको असतात आम्हाला. वाढप्याचं केलंय कधी?"

"नाही."

"हात सरळ धरा बघू."

मी धरला. हातोड्यानं कानाबरोबर हातही थोडा नेलेला आहे, थरथरतो. त्यानं माझा हात हळूच खाली केला आणि म्हणाला, "रस्सा सांडेल, आजोबा. पाहुण्यांचे कपडे असतात." वाईट बोलला नाही. खरं तेच बोलला. त्यामुळं जास्त लागलं.

त्या दिवशी परत येताना मला बायकोची पहिली नोकरी आठवली. तिला मी आयुष्यात कधी विचारलं नाही की तुला काम मागताना कसं वाटलं. ती आपणहून सांगायची म्हणून मला माहीत.

आम्ही भोसरीतून महाळुंग्याला राहायला आलो, तेव्हा इकडं कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या. पोरगं शाळेत जायला लागलं होतं. ती म्हणाली, मीबी कामाला जाते. गेटागेटावर हिंडली. पॅकिंगला, झाडूला, काचा पुसायला. सगळीकडं एकच सवाल, "आधी कुठं केलंय काम?" ती सांगायची, "घरी." गेटवरचे वॉचमन हसायचे. एकजण म्हणाला, "घरी तर माझी बायकोपण करते. तिला पण पाठवू का?" तिनं त्याला सांगितलं, "पाठवा की. दोघी मिळून तुमच्या घरचंबी काम सोडतो, मग कळंल." घरी येऊन मला हे सांगताना हसली, पण त्या रात्री भाकरी करपली होती. ती कधी करपवायची नाही.

शेवटी गल्लीच्या तोंडाच्या मेसमध्ये गेली. मेस एका मुसलमान म्हातारीची होती. नवरा मेल्यावर तिनं कंपनीच्या पोरांना जेवण घालायला सुरुवात केलेली. सगळे तिला अम्मी म्हणायचे. मेसची पोरं बहुतेक मराठवाड्याची, त्यांना ज्वारीची भाकरी पाहिजे, आणि अम्मीच्या गुडघ्यांना आता पाटावर बसवत नव्हतं. तिनं बायकोला एवढंच विचारलं, "भाकर येते?"

"येते."

"कर."

अम्मीचा एक नियम होता. नव्या हाताची पहिली भाकरी गिऱ्हाईकाच्या ताटात जायची नाही. ती अम्मी स्वतः खायची. सगळ्यांसमोर, ठेच्याबरोबर, दुसरं काही न घेता. म्हणायची, "जिला ठेवायची, तिचं आधी मी खाणार. पोरं परगावची आहेत, त्यांच्यावर का म्हणून प्रयोग?"

घरी डोळे मिटून करणारी बाई, पण तिथं भाकरी उचलताना मधोमध फाटली. तव्यावर दोन तुकडे पडले. ती रडायच्या बेतात होती. अम्मीनं ते दोन तुकडे ताटात घेतले, पुढं बसली आणि सावकाश सगळी भाकरी खाल्ली. काठसुद्धा टाकला नाही. हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "उद्या लवकर ये."

ही गोष्ट बायकोनं मला किती वेळा सांगितली असेल. दरवेळी "उद्या लवकर ये" म्हणताना अम्मीसारखा आवाज काढायची आणि हसायची. पुढं अम्मी गेली, तेव्हा हीच सगळ्यात जास्त रडली. अम्मीचा पोरगा मेस बघायला लागला. तो हिला मावशी म्हणायचा आणि मला चाचा. एका घरात एक नातं मराठीत, एक उर्दूत. आम्हाला काही अडलं नाही.

तर मंगल कार्यालयातून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि मेसमध्ये गेलो.

मालक, म्हणजे अम्मीचा पोरगा, भाजीची पाटी उतरवून घेत होता. मला बघून त्यानं पाटी खाली ठेवली. "चाचा. या, बसा. जेवायला ना?"

"कामाला."

"कुणाच्या कामाला?"

"तुझ्या. भाकरीला माणूस लागतो का?"

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग आत पाहिलं. आत पाटावर एक बाई बसली होती. परभणीकडची. तिला मी ओळखत होतो. बायको तिला आमच्या घरी घेऊन यायची, तिची पोरं आमच्या दारात खेळायची. मला वाटलं होतं तिथं दुसरी कुणी बसलेली बघून मी दारातूनच परत फिरेन. फिरलो नाही.

मालक म्हणाला, "चाचा, पैशाची अडचण आहे का? सरळ सांगा."

"पैशाची नाही. पगार नाही दिलास तरी चालेल."

"तसं नको. फुकट येणारा माणूस चार दिवसांनी येत नाही. मला माणूस पाहिजे तर रोजचा पाहिजे." मग म्हणाला, "भाकर येते का?"

"जन्मभर बघत आलोय."

"या. बसा मग."

मी आत गेलो. परभणीच्या बाईनं पाट सोडला, पदर तोंडाला लावला. हसत होती. "मामा, खरंच?"

"मग काय खोटं?"

"बरं. हे पीठ, हे आधण. घ्या."

परातीत ज्वारीचं पीठ होतं, बाजूला पातेल्यात उकळतं पाणी. मला वाटलं, कामाला आलोय तर काम उरकून दाखवावं. पिंपळे सौदागरला ती पोळीवाली बाई सकाळी एकदाच सगळी कणीक मळून ठेवायची, ते डोक्यात होतं. मी सगळ्या परातीभर पिठात पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी मळायला लागलो. हात भाजले. सोडलं नाही. लोखंडात काम केलेला माणूस आहे. चांगला मोठा गोळा केला आणि मान वर केली.

परभणीच्या बाईचं हसणं थांबलं होतं. "मामा, आवं हे काय केलं? कणीक न्हवं ही."

"काय झालं?"

"ज्वारी अशी मळून ठिवत असतेत का? एक भाकर, एक गोळा. थापायच्या आधी तेवढंच घ्यायचं. आता ह्याची विरी जायील, ह्याला चिकटपणाच राहणार न्हाई. सगळ्या भाकरी फाटतेल." मग डोक्याला हात लावून म्हणाली, "मावशी रोज तुमच्या म्होरं करत होती की ओ. तुमी बघत काय होता?"

मी काय बघत होतो? मी तिचं तोंड बघत होतो. अजून एक टाकू का, ते कधी विचारते ते बघत होतो. हाताकडं कधी बघितलंच नाही. हात मला फरशीतून कळत होते, मग बघायचे कशाला.

हे काही मी तिला सांगितलं नाही. म्हणालो, "चुकलं." आणि त्यातला एक गोळा तोडून घेतला. तो तळव्याखाली मळला, पीठ टाकलं, थापायला लागलो. माझी थाप म्हणजे हातोड्याची थाप. गोळ्याला काठ फुटले, मधे भोक पडलं. उचलताना अर्धी भाकरी काठवटीत राहिली, अर्धी हातात आली. ती तव्यावर टाकली. नंतर राहिलेली खरवडून टाकली. एक बाजू करपली, एक कच्ची. मी ताटात काढली तेव्हा तिला भाकरी म्हणायला अम्मीसुद्धा कचरली असती.

मालक दारात उभा राहून सगळं बघत होता. आत आला. बाईनं परातीतल्या पिठाकडं बोट केलं, "आता ह्याचं काय करू, भाऊ?"

"थालीपीठ लाव. कांदा जास्त घाल, पोरं खातील." मग त्यानं माझ्या हातातलं ताट घेतलं, कोपऱ्यातल्या वरवंट्याशेजारून चिमूटभर ठेचा घेतला आणि तिथंच उभ्यानं खायला लागला.

मी म्हणालो, "अरे, ती खायची नाही. कच्ची आहे."

तो खातच राहिला. दाताखाली पीठ कच्चं लागत होतं, ते त्याच्या गालावरून दिसत होतं. करपलेला तुकडाही खाल्ला. बाहेर रात्रपाळीहून आलेल्या पोरांनी टेबलं वाजवायला सुरुवात केली होती, ते मला पायाखाली कळत होतं. त्यानं ताट रिकामं केलं, पाणी प्याला आणि तोंड पुसलं.

"चाचा, भाकरीला तुम्ही नाही. खोटं कशाला बोलू."

"बरं," मी म्हणालो. उठायला लागलो.

"लसूण सोलता येतो?"

"नाही."

"कांदा?"

"तोही नाही."

"मग उद्या लवकर या," तो म्हणाला आणि भाजीची पाटी उचलायला बाहेर गेला.

मी तसाच पाटावर बसून राहिलो. परभणीची बाई म्हणाली, "उठा की आता, मामा, का माझं काम बुडवता?" मी उठलो आणि कोपऱ्यात पोत्यावर जाऊन बसलो. ती पाटावर बसली. नवं पीठ घेतलं, एका भाकरीपुरतं. मळलं. थापायला लागली.

दोन जोरात. तळहात फिरवला. एक हलकी. परत दोन जोरात.

बायकोनंच तिला शिकवलं होतं. हे मला माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं. गाव हिंडलो, पिंपरी हिंडलो, मोशी हिंडलो, आणि ती थाप आमच्या गल्लीच्या तोंडाला रोज सकाळी पडत होती.

आता मी रोज जातो. लसूण सोलायला शिकलो. पाकळी आधी पाण्यात टाकायची, मग साल सुटते, हे मालकानं दाखवलं. नखं दुखतात. ठेकेदाराच्या पायरीवरची ती लातूरची मुलगी परवा मेसमध्ये जेवायला आली होती. गळ्यात कंपनीचं कार्ड होतं. कुठल्याशा गेटवर कुणीतरी तिला पहिला दिवस दिला. मला बघून म्हणाली, "लागलात वाटतं." मी म्हणालो, "लागलो. तूबी." तिनं जास्तीची भाकरी मागून घेतली.

मी बसतो तो भिंतीकडं तोंड करून. परभणीची बाई रोज पुढ्यात येऊन म्हणते, "मामा, इकडं फिरून बसा की, उजेड हाय इकडं." मी म्हणतो, "हितंच बरं आहे." ती म्हणते, "तुमचं काय न्यारंच." आणि थापायला लागते. मी सोलत राहतो. थाप पाठीतून येते. तेवढा वेळ मला कुणाचं काही विचारायचं नसतं, कुणाला काही सांगायचं नसतं.

मग थाप थांबते. भाकरी तव्यावर गेलेली असते, ती वरून पाण्याचा हात फिरवत असते. तेवढ्यात मी सोलायचा थांबतो. हातातली पाकळी तशीच धरून ठेवतो. इथं कुणीतरी काहीतरी विचारायचं असतं, मी नको म्हणायचं असतं.

कुणी विचारत नाही. भाकरी उलटते, फुगते, दुरडीत पडते. ती पुढचा गोळा घेते.